पेट्रोलचा काटा चढत गेला

"दादा, जरा मीटर बघाल का?"

तो विचारत होता दोन पायांना. बाकीचं माणूस एका जुन्या जीपच्या डॅशबोर्डखाली उताणं शिरलं होतं. पाय हलले, आणि आतून आवाज आला, "दादा नाहीत. मी आहे."

बिचारा एक पाऊल मागे सरकला. "माफ करा हं, ताई—"

"दादावरून एकदम ताई?" केसांत वायरचा तुकडा अडकलेली मुलगी बाहेर येत म्हणाली. "दोन्ही राहू द्या. गाडीला काय झालंय?"

गाडीचं जुनं इंजिन गेलं होतं. कुणीतरी दुसऱ्याच जातीच्या गाडीचं इंजिन त्यात बसवून दिलं होतं. गाडी झकास पळत होती. फक्त डॅशबोर्डवरचे चारही काटे मान टाकून पडले होते.

"पळतेय ना? मग काटे कशाला हवेत?" तिनं मुद्दाम छेडलं.

"घाट चढायचाय. इंजिन तापलं तर कळायला हवं." तो थोडा अडखळला. "वडिलांना अर्धांगवायू झालाय. मी इथली शाळा सोडून कायमचा गावी चाललोय. त्यांना दर आठवड्याला खाली इस्पितळात आणायचं, परत वर न्यायचं…"

तिनं छेडणं थांबवलं. बॉनेट उघडलं.

तो चित्रकलेचा मास्तर होता. आपल्याला फार घाई आहे, असं तो आल्या आल्या सांगायचा आणि मग दोन वेळा चहा घ्यायचा. गाडी सोडून जायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलं नाही. तिनं तर नाहीच. उलट त्याच्या यायच्या वेळेला तिचं तोंड धुतलेलं असायचं, आणि वायरिंगच्या कामात तोंड धुवून कुणी बसत नाही.

"नवं इंजिन, जुनं मीटर," ती त्याला समजावायची. "नव्या सुनेचा निरोप जुन्या सासूला! पोचतो, पण अर्थ भलताच लागतो. म्हणून तुमच्या जुन्या इंजिनाचा सेन्सर काढून या नव्यात बसवतेय."

"म्हणजे सुनेला सासूचं तोंड?"

"वा मास्तर! फळ्यावरून उतरलात की बरं बोलता."

गॅरेज तिच्या मामाचं. आईवडिलांमागे त्यानंच तिला वाढवलं, आणि हे कामही त्यानंच शिकवलं. मामा शेजारी बसून वायरींचे जोड मारायचा आणि ती गुणगुणल्यासारखी म्हणत राहायची, "लाल… काळी… आता तपकिरी, मामा." मास्तरला ती तिची लकब वाटायची. आवडायचीही.

'अहो' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. मामाला कळलं.

म्हणून एका दुपारी ती बाजारात गेली असताना त्यानं राहिलेले जोड स्वतःच मारून टाकले. ती परतली तेव्हा मास्तर आलेला होता. "झालं सगळं," मामा तिला म्हणाला. "दोघं चढावर चक्कर मारून या. सावकाश या!"

मास्तरनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. तिनं तो पाहिला आणि खिडकीबाहेर बघत बसली… काचेवर भुरभुर पाऊस, आणि ओठांवर न मावणारं हसू.

चढ लागला. इंजिन तापू लागलं. आणि पेट्रोलचा काटा हळूहळू वर चढू लागला.

"अगं, ही गाडी पेट्रोल बनवायला लागली!" तो खो खो हसला. "आता पंपावर जायलाच नको!"

तीही हसली. मग तिचं हसू विझलं.

"थांबव बाजूला."

ती डॅशबोर्डखाली वाकली. त्यानं टॉर्च धरला. तापमानाची तपकिरी वायर पेट्रोलच्या लालच्या जागी, लाल तपकिरीच्या. शिकाऊसुद्धा अशी चूक करत नाही.

"तू रंग मोठ्यानं म्हणतेस ते… मामांसाठी?"

ती जोडावरची टेप सोलू लागली.

"लाल आणि तपकिरी त्याला आता एकच दिसतात. डॉक्टरांनी हात टेकलेत. गिऱ्हाइकांना कळलं तर दुकान बसेल. आणि दुकान बसलं तर मामा…" तिनं जोड सोडवला. "कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगणार."

तिनं वायरी अदलाबदल केल्या. काटे आपापल्या जागी गेले. चढ तिथं संपत नव्हता, पण त्यानं गाडी वळवली. वर जाऊन तो काय विचारणार होता, ते दोघांनाही ठाऊक होतं. आता ते विचारून तिला गावी न्यायचं म्हणजे मामाच्या हातातलं काम काढून घ्यायचं. परतताना त्यानं शर्टाच्या बाह्या दुमडल्या, इस्त्री मोडली.

निघायच्या दिवशी मागच्या सीटवर गाद्या, पुस्तकं, रंगांच्या पेट्या खच्चून भरल्या होत्या. मामानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि "आत काम आहे" म्हणून आत गेला. आत काही काम नव्हतं.

"एक विचारू?" स्टिअरिंगकडे बघत तो म्हणाला.

"नको."

"का?"

"विचारलंस तर… मी हो म्हणेन."

त्याची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली. ओठ उघडले. ती खिडकीची कड धरून उभी राहिली. नको म्हणून झालं होतं, तरी वाट बघत होती.

त्यानं विचारलं नाही. किल्ली फिरवली. एकेक करत चारही काटे उठले, आणि दोघं त्या काट्यांकडेच बघत राहिले. एकमेकांकडे बघणं झेपलं नसतं.

गल्ली अरुंद होती. गाडी रिव्हर्समध्येच रस्त्यावर काढावी लागे. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी जायची तशी ती मागे जाऊन उभी राहिली. एक टेम्पो अडवला, एक सायकलवाला थांबवला. "येऊ दे… येऊ दे…" निघालेली गाडी तेवढा वेळ तिच्याकडेच येत होती, अगदी हाताच्या अंतरावर. आरशात त्याचे डोळे दिसले. गाडी सरळ झाली.

तिनं डावी-उजवीकडे नीट पाहून घेतलं आणि डिकीवर दोन थापा मारल्या. रस्ता मोकळा आहे, जा.