तिसऱ्याची बाजू

माझं आणि वहिनीचं सूत जमलं ते कादंबऱ्यांमुळे. नायिका एक आणि तिच्या मागे दोघं-तिघं, अशा जाडजूड प्रेमकथा आम्हा दोघींना लागत. मी डोळे तपासते, चष्म्याचे नंबर काढते. दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावल्यावर घरी डोक्याला ताप न देणारंच काहीतरी वाचावंसं वाटतं. वहिनी लोकांचे कपडे उसवून त्यांच्या मापाचे करून देते. पुस्तक आधी मी वाचायची, मग तिला द्यायची आणि सुट्टीच्या दिवशी तिच्या शिलाई मशीनशेजारी बसून दोघींनी वाद घालायचा, की नायिकेनं कोणाला निवडायला हवं होतं. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. जाता-येता तो टोमणा मारायचा, "एक ना धड, भाराभर चिंध्या."

शेवटची कादंबरी बेकरी चालवणाऱ्या एका बाईची होती. तिच्यावर जीव टाकणारे दोघं, एक डॉक्टर आणि एक बोटीवरचा इंजिनीअर. मी डॉक्टरच्या बाजूची. वहिनीचं पुस्तक अर्धं झालं तेव्हा मी तिला कौल मागितला. ती बाहीची शिवण उसवत होती. मान वर न करता म्हणाली, "मला बाई तिसराच आवडतो."

कोण तिसरा, म्हणून मी विचारलं. तर बेकरीच्या मागच्या दारी येतो तो, म्हणाली. बोलत नाही, आत येत नाही, चपला हातात घेऊन चौकटीत उभा राहतो. पण तो आलाय हे बेकरीवालीच्या पाठीला कळतं.

ती चहा टाकायला उठली तसं मी पुस्तक चाळलं. मागचं दार होतं खरं, पण त्यातून पिठाच्या पोत्यांखेरीज काही आत येत नव्हतं.

थट्टा असेल म्हणून मी सोडून दिलं. मग एका दुपारी दादा माझ्या दवाखान्यात आला. पेशंटच्या खुर्चीत बसला आणि हाताचं ग्रीस पुसू लागला. वहिनी मशीन चालवता चालवता मध्येच थांबते, म्हणाला. कान देऊन बसते. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराची कडी काढून ठेवते, विचारलं तर वारा येतो म्हणते. दुपारी केस विंचरून बसते.

"तिचं कुणीतरी आहे," तो म्हणाला. "तुला बोलली असेल."

मी नाही म्हटलं, पण माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. तिसरा खराखुरा असेल तर? कुणापाशी तरी त्याच्याबद्दल बोलता यावं म्हणून तिनं त्याला कादंबरीत नेऊन बसवला असेल तर? मला रागही आला आणि वाईटही वाटलं.

मग मी काही ना काही निमित्तानं दुपारची तिच्याकडे जाऊ लागले. कोणी आलं नाही. फोन वाजला नाही. पण मशीनचं चाक मध्येच थांबायचं, तिच्या मानेवरची बारीक लव उभी राहायची आणि ती स्वतःशी हसायची. तिच्यासमोर उघडं दार नव्हतं, भिंत होती. दार तिच्या पाठीशी होतं.

शेवटी मी सरळच विचारलं, पुस्तकात तर कोणी तिसरा नाही, मग हा माणूस कोण? ती माझ्याकडे रोखून बघत राहिली. संशय तिच्या नजरेत होता.

"पुस्तक तर तूच दिलंस," ती म्हणाली. "तुलाही तोच हवा असेल, म्हणून नाही म्हणतेस."

पुढे ती सुईत दोरा ओवता येत नाही म्हणू लागली. मी तिला दवाखान्यात बोलावलं आणि येताना ते पुस्तक आणायला सांगितलं. मनातल्या मनात गोष्ट रचत असेल तर एका बैठकीत पकडता येईल, असा माझा हिशेब.

पडदे ओढले. वाचायचा दिवा लावला. तिच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली, डावा डोळा झाकला आणि एक पान वाचायला दिलं. डॉक्टर पावसात भिजत येतो तो प्रसंग. तिनं शब्दन्‌शब्द बरोबर वाचला.

मग उजवा झाकला. पान तेच. ती दोन ओळी तशाच वाचत गेली आणि न अडखळता पुढे म्हणाली, "ती पीठ मळत राहिली. मागे चौकटीत तो उभा होता. आज त्यानं उंबरठा ओलांडला."

त्या पानावर असं काही नव्हतं. मी दुसरं पान काढून दिलं. तिथेही तो होता. रचून सांगणारा माणूस मध्येच वर बघतो, शब्द शोधतो. हिची नजर ओळीच्या शेवटाला जाऊन पुढच्या ओळीच्या सुरुवातीला परतत होती.

मी पुस्तक काढून घेतलं आणि तिला समोरच्या भिंतीवरच्या अक्षरांकडे बघायला सांगितलं. आमच्याकडे एक छोटी बॅटरी असते. तिचा उजेड बुबुळावर सरकवला, की आतली सावली कशी हलते त्यावरून डोळा किती अंतरावर रोखलाय ते कळतं. त्यात पेशंटला खोटं बोलता येत नाही.

डोळा भिंतीवर होता.

मग सावली पालटली. डोळा भिंत सोडून अलीकडे आला. खोलीच्या मध्यावर.

मग आणखी अलीकडे, सावकाश, चालत येणाऱ्या माणसावर रोखलेला यावा तसा.

माझ्या खांद्याच्या जरा मागे येऊन तो थांबला.

"वहिनी, कुठे बघतेयस?"

"तू मध्ये येतेयस," ती हळूच म्हणाली.

मी मोठा दिवा लावला. खोलीत आम्ही दोघीच होतो. ती डोळे चोळत हसली आणि नंबर लागला का, म्हणून विचारू लागली.

नवा चष्मा तिला चांगला लागू पडला. दोरा पहिल्या झटक्यात ओवते. मागच्या दाराला कडी असते. दादाला मी सांगितलं, तिचं कोणी नाही, आणि ते खरंच आहे. परवा पुस्तकाचा विषय निघाला तर ती म्हणाली, आपली पसंती इंजिनीअरला. आणि तिसरा? कोण तिसरा, असं म्हणून तिनं माझ्याच कपाळाला हात लावून पाहिला.

मी अलीकडे वाचत नाही. कामातच वेळ जातो.

आज सकाळी एक निवृत्त पोस्टमन आले होते. बाहेर कोणी नव्हतं. दार लावून मी त्यांचा उजवा डोळा झाकला आणि समोरची अक्षरं वाचायला सांगितली. तिसऱ्या ओळीवर ते थांबले.

"मॅडम, त्यांना बसायला सांगा ना," ते म्हणाले. "केव्हाचे ताटकळलेत."

मी मागे वळले नाही. फ्रेममधली काच काढून पुढची घातली.

"आता?" मी विचारलं.

"हां," ते म्हणाले. "आता अगदी स्पष्ट दिसतायत."