चाळिसाव्या दिवसाची पाहुणी

“परत जा. हे दार उघडायचं नाही.”

आईचा तो आवाज अडतीस वर्षं उनावीच्या कानात थंडीसारखा बसून होता. नऊ वर्षांची होती ती. वसतिशाळेत घरच्या मारी बोलीतला शब्द तोंडातून निघाला की साबणाने जीभ घासायचे, म्हणून पळाली. इलेत नदीच्या कडेने बारा किलोमीटर बर्फ तुडवत रात्री घरी आली, दाराबाहेरून हाका मारू लागली. आतली पावलं दारापर्यंत आली, थांबली आणि हे एवढंच वाक्य आलं. ती परत गेली. पुढे आईने माया केली, पण जरा जपूनच, पाहुण्या मुलीवर करतात तशी. दाराचा विषय काढला की ती पीठ मळायला बसे. तशीच, न सांगता, गेली.

आज तिच्या मरणाचा चाळिसावा दिवस. मारी रीत अशी: गेलेल्याचे कपडे कुणीतरी घालायचे, त्याच्या जागी बसून जेवायचं, कुणी काही विचारलं तर गेलेल्याच्या वतीने उत्तर द्यायचं. मग उन्हं उतरायच्या आत ओढ्यावरच्या पुलापाशी त्याला निरोप द्यायचा. आईचा पांढरा झगा शेजारच्या ओविकाला बरोबर बसला. ओविका म्हणजे अखंड बडबड. आज मात्र खाली मान घालून बसली होती.

“हिला गप्प करायला चाचावीला मरावं लागलं!” पेटी वाजवता वाजवता म्हातारा यानिगित म्हणाला. सगळे हसले. चाचावी म्हणजे उनावीची आई.

“चाचावी, माझा नवरा कसा आहे गं तिकडे?” एकीने विचारलं.

“छप्पर शाकारतोय.”

बाई डोळे पुसत तृप्त झाली. सगळ्यांना उत्तरं मिळत होती. 

“आई, दार का नाही उघडलंस?” उनावीने विचारलं.

“घावन वाढ गं.”

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं.

“मध संपला वाटतं.”

उनावीचं डोकं तापलं. ती ओविकाच्या डाव्या बाजूला जाऊन बसली आणि भिंतीकडे बघत पुटपुटली, “आज तरी सांग.” ओविकाचा डावा कान लहानपणापासून ठार बहिरा होता.

घावन मोडणारा हात थांबला.

“सगळ्यांसमोर नको.”

उनावी चटकन मागे सरकली. पण ती शहरात दातांच्या दवाखान्यात वीस वर्षं काम केलेली बाई. भीतीपेक्षा राग मोठा होता. पुलाकडे निघालेल्या गाडीत तो फुटलाच.

“पुरे झालं सोंग, ओविकामावशी!”

पेटी थांबली.

“कपडे अंगावर असताना हिचं नाव घेतलंस?” यानिगितचा चेहरा पांढरा पडला. “आता जाणारीने ओळखायचं कसं, की जायचंय कुणाला?”

“मग बसू दे इथेच! जिवंतपणी बोलली नाही, आता तरी काय बोलणार आहे?”

पुलापाशी झगा उतरवून भूर्जाच्या फांदीवर टाकला. आपला लोकरी स्वेटर चढवत ओविकाने सुस्कारा सोडला. “हुश्श! काय काय बोलले गं मी? मेलं, घावनापुढचं काही आठवतच नाही.” मग तिची बडबड सुरू झाली. सगळ्यांना हायसं वाटलं. गाडी पुढे गेली. उनावी आणि ओविका मागून चालू लागल्या.

पिवळी पानं पायाखाली करकरत होती. बडबड विरळ झाली. मग थांबली.

उनावीने वळून पाहिलं नाही. आता तिला काही विचारायचंही नव्हतं.

“आता कुणी नाही,” शेजारून आईचा आवाज आला.

उनावी चालत राहिली.

“कसं उघडणार होते गं? तू बाहेरून हाका मारत होतीस, आणि तू तासाभरापूर्वीच येऊन चुलीपाशी जेवत बसली होतीस. तीच वेणी, तीच सुजलेली जीभ. उजाडायच्या आत ती उठून गेली. पण पुढे सुट्टीत घरी आलीस ती कोणती, ते मला मरेपर्यंत कळलं नाही.”