झाडून टाकलेला ग्रह

पहिल्याच दिवशी त्याची ओली छत्री माझ्या लॅपटॉपच्या पिशवीवर निथळली आणि मी भर लॅबमध्ये ओरडले, "डोळे आहेत ना?"

"आहेत की," तो हसला. "म्हणून तर इथे येऊन बसलो."

असला आगाऊ! नाव ओमकार, रोज सावर्ड्याहून एसटीने येणारा. कॉलेजच्या कार्यशाळेत सरांनी नेमकी आमचीच जोडी लावली. अवकाश दुर्बिणीने टिपलेला एका ताऱ्याचा उजेड घ्यायचा, पायथनमध्ये त्याचा आलेख काढायचा आणि ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह शोधायचा. शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत ज्यांना सापडेल, ते महिनाभर पुण्याला शिकायला जाणार. मला जायचंच होतं!

शेवटचा दिवस उजाडला, तरी आमचा आलेख कातळाच्या सड्यासारखा सपाट. बाकीच्यांच्या आलेखात मस्त खळगे, आमच्याकडे काही म्हणजे काही नाही. दुपारपर्यंत कोड पुन्हा पुन्हा चालवून माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं.

"सावनी... रडतेस काय गो?" ओमकार हळूच म्हणाला. "आलेखातले भरकटलेले ठिपके पुसलेस ना, ते वरचेही पुसलेस आणि खालचेही."

"खराब होते ते! मला पसारा चालत नाही."

"अगो, ग्रह ताऱ्यासमोरून गेला की उजेड कमी होतो. खालचे ठिपके म्हणजेच ग्रह. तू झाडून टाकलास त्याला!"

मी कपाळावर हात मारला. एक ओळ बदलली, फक्त वरचे ठिपके पुसले... आणि पडद्यावर खळगा उमटला. मग दुसरा, तिसरा, अगदी सारख्या अंतरावर. आनंदाने मी त्याचा दंडच धरला. मग एकदम डोक्यात आलं.

"तुला कधी कळलं हे?"

तो खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघायला लागला. "सकाळी."

"सकाळी! आणि गप्प बसलास? माझा इथे जीव चाललाय!"

"काम संपलं असतं गो..." त्याचे कान लाल झाले. "मग तू उठून गेली असतीस. जेवणानंतर सांगणारच होतो, शप्पथ! पण तू रडायला लागलीस — ते नाही बघवलं."

राग आला. पण अर्धाच. उरलेल्या अर्ध्या जागेत काय भरलंय, ते मला कळत होतं आणि कबूल करवत नव्हतं.

सरांनी आलेख पाहिला. "छान! पुण्याची तयारी करा दोघं," म्हणाले आणि पुढे गेले.

"पुण्यात असलं काही लपवलंस ना," मी दटावलं, "तर बोलणार नाही तुझ्याशी."

"मग आत्ताच सांगून टाकतो..." तो माझ्याकडे वळला. "तू मला आवडतेस. खूप."

एरवी माझ्या तोंडाला कोण लागतं? पण आता मी त्याच्या छत्रीची मूठच उगाच फिरवत राहिले.

"मलाही... तू," मी कसंबसं म्हटलं, आणि दोघांनाही हसू फुटलं.