घोड्यांची मूठ

म्हाताऱ्या तट्टाचा डावा कान उजव्यापेक्षा किंचित उशिरा हलायचा. द्वारका ते निरखत होती, तोच कुंपणापलीकडून आवाज आला, "डावीकडून कमी ऐकू येतं त्याला."

माथेरानला निघालेला तो घोड्यांचा डॉक्टर, गोपाळकृष्ण, त्या दिवशी वर गेलाच नाही. मग दर रविवारी नेरळला उतरू लागला.

माथेरानला तेव्हा घोड्यावरून नाहीतर डोलीतूनच जावं लागे. चढणीनं मोडलेली तट्टं द्वारकेच्या वडिलांनी काढलेल्या पागेत येत. वडील गेल्यावर पागा तिच्यावर, त्यांच्या विधवा लेकीवर, आली. गावचे व्यापारी तांदळाच्या गोणीमागे एक मूठ घोड्यांसाठी काढत. ती विकून चणे येत. पण व्यापाऱ्यांचे म्होरके असलेल्या रामजीशेटनी शांतपणे बजावलं होतं, "विधवेनं पुन्हा लग्न केलं, तर मूठ बंद." मूठ बंद म्हणजे तट्टांना गोळी.

"नाडी लागली?" एका रविवारी गोपाळकृष्णानं विचारलं.

तट्टाच्या जबड्याखाली तिची दोन बोटं होती, शेजारी त्याची... मध्ये तांदळाएवढं अंतर.

"लागली. फार जलद आहे."

"तट्टाची की—"

"तट्टाचीच बघा तुम्ही." रस्त्यावर पावलं वाजली. तिनं हात झटकन मागे घेतला.

"वर्षभर विचारतोय, द्वारकाबाई. अजून भीती?"

"ही सोळा तोंडं आहेत. मला सोळा वेळा घाबरावं लागतं."

पावलं शेजारच्या पोशीर गावच्या बायजाची होती. भाताच्या राबाला, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, लीद न्यायला ती पाटी घेऊन आली होती.

"ऐकलं गं मी," ती म्हणाली. "शेटच्या मुठीला भितीस व्हय? आमच्या समद्या गावाच्या राबात तुजीच लीद जळती. तू फुकट देतीस, म्हून आमी फुकट नेतो. बदल्यात माग की पेंढा."

"आणि चणे?"

"घोड्यानं चणंच खावं, असं कुनी सांगितलं? कुळीथ नाय का आमच्यात?"

द्वारकेनं गोपाळकृष्णाकडे पाहिलं.

"भिजवून दिले तर उत्तम," तो हळूच म्हणाला.

पागेत येणारा दाणा न् दाणा ती तोलत होती. बाहेर जाणारी लीद मात्र तिनं कधीच तोलली नव्हती.

फाटक करकरलं. रामजीशेट मुठीचं पोतं गड्याच्या डोक्यावर देऊन आत आले. त्यांची नजर गोपाळकृष्णावर थांबली. द्वारकेनं तट्टाच्या मानेवर हात ठेवला.

"शेट, पोतं परत न्या," ती म्हणाली. "मी यांच्याशी लग्न करणार आहे."