काळी कड

"शी! उचल ते ताट!"

गुंडेरावांनी भाकरी अशी झिडकारली, की ती घरंगळत चुलीपाशी जाऊन पडली... वाढता वाढता कलाबाईचा हात तिथंच थिजला. उजव्या हाताची करंगळीकडची कड, पार मनगटापर्यंत, काळीकुट्ट!

"किती डाव सांगितलो, हात घासून ये म्हणून? शिसारी येते बघ, घास उतरत न्हाई."

"तव्याची काजळी हाय अण्णा, निघंना..."

खोटं! गुरुदेव दत्ता, किती हे खोटं! ती काजळी नव्हती, शाई होती. नौबादच्या त्या घरात गुंडेरावांचा कडक नेम होता: त्यांचा लेक अंकुश बिदरला मिडल शाळेत उर्दू शिकायचा, आणि उस्तादानं घालून दिलेल्या ओळीखाली बोरूनं चाळीस ओळी गिरवल्याशिवाय त्याला ताट मिळायचं नाही. पोर भुकेनं कळवळायचं. आणि नवव्या वर्षी कपाळ पांढरं होऊन माहेरी परतलेल्या, कुशीत कधी लेकरू न घेतलेल्या आत्याचं काळीज तुटायचं! एके दिवशी तिनंच बोरू हाती घेतला... त्याला दोन वर्षं झाली. उजवीकडून डावीकडे जाणारी ती लिपी. ओल्या शाईवरून हाताची कड फरफटायची, आणि काळी व्हायची.

भावाची किळस ती मुकाट सोसत होती. पण मागच्या एकादशीपासून तिला स्वतःचीच किळस यायला लागली होती! कीर्तनात बुवा चिपळ्या थांबवून म्हणाले, "टाळ शेजाऱ्यानं कुटायचा अन् डोलायचं आपण, ह्याला भजन म्हणत न्हाईत, माय!" सगळे हसले, खांबाआड बसलेल्या कलाबाईला तेवढा दरदरून घाम फुटला. घरी आली, तर अंकुश चिंचोके खेळत बसलेला. "आत्या, आज नीट काढ बरं का! काल लई वाकड्या काढलीस." त्या लाडावलेल्या तोंडाकडे बघून तिला वाटलं... हे आपणच घडवलं!

आणि आज, भाकरी अजून चुलीपाशी पडलेली असतानाच, अंकुश रडत दारात आला.

"उस्तादानं हाकलून दिलं! सगळ्यांना म्हणले, हात दिखाव. सगळ्यांच्या कडा काळ्या, अन् माझीच कोरी... उद्या नाव काटणार म्हणले."

गुंडेराव ताटावरून उठले, हात उगारला, आणि कलाबाई मध्ये शिरली.

"मारायचं तर ह्या हातावर मारा, अण्णा!"

गुंडेराव त्या हाताकडे बघतच राहिले. सगळं उमगलं.

"तुला... उर्दू येतं?"

"एक अक्षर न्हाई. वरची ओळ बघून तसंच काढते. रांगोळी सुटली माझी, अण्णा... दारात काढू देत न्हाईत. मग वाटलं, हे तरी काढावं."

गुंडेरावांचा हात गळाला. नऊ वर्षांच्या पोरीच्या हातून रांगोळीची वाटी हिसकावून घेणारे ते स्वतःच होते! आता शिसारी आली ती स्वतःची... ते वाकले, चुलीपाशची भाकरी उचलली, राख झटकली, आणि उभ्यानंच तिचा घास घेतला.

"कामून सांगितली न्हाईस ग?"

"सांगितलं असतं, तर लेकरू उपाशी निजलं असतं की!"

मग तिनं अंकुशपुढं ताट ठेवलं आणि ताटाशेजारी बोरू. "आधी जेव. मग लिही. आता मी हात लावणार न्हाई, मग वाकडं येऊ दे न्हाईतर तिरकं."

"तुझ्यावाणी येणार न्हाई, आत्या..."

"तुझ्यावाणी तर येईल!"

दिवस कलेपर्यंत तो लिहीत होता. जीव तुटत होता, तरी ती पदरात हात गुंडाळून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, काळी कड मिरवत अंकुश शाळेला निघाला, तेव्हा गुंडेरावांनी उंबऱ्याशी एक पितळी वाटी आणून ठेवली. तीच वाटी... पांढऱ्याशुभ्र रांगोळीनं भरलेली!

"काढ," ते म्हणाले, "अन् कोण काय म्हणतंय ते मी बघतो."

डोळ्यांतलं पाणी पुसून कलाबाई खाली बसली, चिमूट भरली, आणि पहिली रेघ तिनं सवयीनं उजवीकडून डावीकडे ओढली.