माशांचं माहेर

शर्वाणी केळुसकरचा खडक ओसाड पडला, तर डॉ. हेमकांत मिठबावकरच्या पदरात दोन गोष्टी पडणार होत्या: प्रवाळ केंद्राचं संचालकपद आणि शर्वाणीचा उतरलेला चेहरा. पहिल्या गोष्टीसाठी तिच्यासारखाच त्यानेही अर्ज केला होता. जीव मात्र दुसरीत अडकला होता.

मालवणच्या समुद्रात दोघांनी सारखेच प्रवाळ लावले होते. मध्ये खोल पाण्याचा पट्टा. अलीकडे त्याचा खडक, पलीकडे तिचा. तिच्याकडे माशांची झुंबड. ते शेवाळ खाऊन प्रवाळ लख्ख ठेवत. त्याच्याकडे नुसतंच शेवाळ. स्नॉर्कल लावून तो रोज तिच्या खडकावर तरंगे आणि भावकीच्या लग्नातल्या पंगती मोजाव्यात तसे मासे मोजून परते.

"तू असं करतेस तरी काय?" एकदा होडीत त्याने विचारलंच.

"मी नाही, हा नादशिंपला करतो," शर्वाणीने पाण्याखाली आवाज सोडणारं आपलं यंत्र दाखवलं. "जिवंत खडकाची गजबज रेकॉर्ड करून इथे वाजवते. पिल्लं ती अंड्यातच ऐकतात. मग प्रवाहाबरोबर भर समुद्रात जातात, आणि वस्ती करायची वेळ आली की तोच आवाज शोधत येतात. माहेरच म्हण ना."

"आणि आवाज बंद पडला तर?"

"दुसरीकडे जिथे ऐकू येईल तिथे निघतील. त्यांचं माहेर जागेत नसतं, आवाजात असतं." ती हसली. "रेकॉर्डिंगमध्ये मागे बाबलच्या होडीचं इंजिन खोकतंय तेवढं. पण पिल्लांना आता तेही माहेरचंच."

होडीवाला बाबल तारी मान हलवून म्हणाला, "म्हणजे माझी होडी त्यांची आवस, आईच!"

हेमकांतने लगोलग तिचं रेकॉर्डिंग उचललं आणि आपल्या खडकावर तिच्याहून मोठ्याने लावलं. पुढच्या हंगामात तिची पिल्लं त्याच्याकडे उतरली. तिचा चेहराही उतरला. तो सुखावला.

निवड समितीच्या नलिनीबाई पेडणेकर पाहणीला आल्या. पाण्यात डोकं घातलं की इंजिनाचा खोकला ऐकू येणार आणि चोरी कळणार, म्हणून सकाळीच त्याने यंत्र बंद केलं. वसलेले मासे तासाभरात कुठे जातात?

ते गेले. नलिनीबाईंच्या डोळ्यांदेखत थवेच्या थवे पलीकडे निघाले.

"मिठबावकर, तुमचे मासे चालले कुठे?"

शर्वाणी शेजारीच तरंगत होती. तिने डोळ्यांवरच्या काचेतून नुसतं पाहिलं, आणि तिच्या गालांवर हसू फुटलं. तेवढं हसू मात्र हेमकांतला सोसवेना. यंत्र चालू करणारी मनगटावरची कळ त्याने दाबली.

मासे भर पट्ट्यात थबकले. मागेही माहेर, पुढेही माहेर.

नलिनीबाईंनी पुन्हा पाण्यात पाहिलं, ऐकलं आणि डोकं वर काढलं. "बाबल, इंजिन कशाला सुरू केलंस?"

"बंद आसा, बाईनू. आणि ह्यां नवीन, खोकत नाय. खोकणारां गेल्या शिमग्याक भंगारात दिलंय."

खोकला शर्वाणीच्या रेकॉर्डिंगमधला निघाला, आणि पुढे सगळं चटकन आटपलं. हेमकांतचं पद गेलं, नावही गेलं; शर्वाणीला पद मिळालं, वर चेहराही परत मिळाला. दोघांचा हिशेब मिटला.

पण माणसं होडीत भांडत असताना यंत्रं बंद करायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. दोन सारख्या हाकांमध्ये मासे उघड्या पाण्यात तसेच उभे होते, आणि खालून भुकेल्या सुरमया वर येत होत्या. किंमत माशांनी मोजली.