हंगामी कोच

नोकरीच्या पहिल्याच सकाळी ऑड्रा हॅव्लिकनं उपचाराच्या खोलीचं दार उघडलं, तर टेबलावर एक पुरुष बसलेला. पावसात चिंब भिजलेला, आणि डाव्या हाताचा अंगठा उजव्या मुठीत गच्च धरलेला. मुठीतून रक्त ठिबकत होतं.

“दार लावून घ्या ना,” तो म्हणाला. “पोरांनी पाहिलं तर जन्मभर चिडवतील.”

“काय केलंत हे?”

“एका दारावरची पाटी काढत होतो. पेचकस घसरला.”

“पाटी काढायला माणसं नसतात का या कॉलेजात?”

“असतात की. पण ज्यांची पाटी, त्यांनीच मला इथं आणलं. त्यांचं नाव दुसऱ्या कुणी उपटून कचऱ्यात टाकावं... नाही बरं वाटलं.”

आत्ता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळी गाडीतल्या रेडिओवर तिनं ऐकलं होतं, लार्कबी कॉलेजचा फुटबॉल संघ हंगामातले आतापर्यंतचे सगळे सामने हरल्यामुळे जुन्या कोचना घरी बसवलं. त्यांच्या मदतनिसाकडे तात्पुरता कारभार दिला.

“म्हणजे नवे कोच तुम्हीच?”

“हंगामी कोच. लायल टेरियो. नोव्हेंबर संपेपर्यंत.”

“मीही हंगामीच,” ती जखम पुसत म्हणाली. “इथल्या ट्रेनरबाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत. डिसेंबरपर्यंत मुलांची दुखणीखुपणी माझ्याकडे.”

“वा! म्हणजे तुम्ही माझ्यापेक्षा महिनाभर जास्त टिकणार.” तो हसला, आणि तिनं औषध लावताच कळवळला.

कॅन्ससचा पाऊस सरळ पडत नाही. वारा त्याला आडवा धरून खिडक्यांवर आपटतो. त्या आवाजात ती पट्टी बांधत राहिली — जरा सावकाशच. बोटं त्याची राठ होती, पण तिच्या हातात अगदी निमूट पडून होती. डोळे वर केले, तर तो पट्टीकडे बघतच नव्हता.

“झालं,” ती घाईनं म्हणाली.

“इतक्यात?” तो म्हणाला.

आणि मग ते हरत गेले.

एक सामना असा सडकून हरले, की मध्यंतरालाच लोक गाड्या काढून घरी निघाले. पुढचा अगदी हातातोंडाशी येऊन गेला. हातानं खेळायचा हा अमेरिकी फुटबॉल; शेवटच्या क्षणी चेंडू त्यांच्याच पोराच्या बोटांतून निसटला. त्या पोराला लायल काही बोलला नाही. त्याचं हेल्मेट काढून त्यानं त्याच्या ओल्या डोक्यावर नुसता हात ठेवला. मैदानाच्या कडेला बर्फाच्या पिशव्या घेऊन उभी असलेली ऑड्रा ते बघतच राहिली.

गाव मात्र सोडत नव्हतं. चौकातल्या खाणावळीत ज्वारीची कापणी उरकून आलेले म्हातारे टोप्या मागे सारून त्याची वाटच बघत बसायचे.

“काय कोच, चेंडू कुठल्या दिशेला न्यायचा, ते सांगितलंय का पोरांना?”

“सांगितलं होतं, आजोबा. पण समोरच्यांनीही ऐकलं ना!”

सगळे खो-खो हसायचे. तोही हसायचा. मग सूपमध्ये चमचा नुसता फिरवत राहायचा. हे फक्त ऑड्राला दिसायचं.

बाहेरगावचे सामने हरून परतताना बसमध्ये कुणी बोलत नसे. अशाच एका परतीच्या दुपारी तो तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर येऊन बसला. हातात एक बीरॉक होता — कोबी आणि खिमा भरलेला गरम पाव. अर्धा मोडून त्यानं तिच्यापुढे धरला.

“कोबी पावात कोंडायचा, आणि याला तुम्ही लोक जेवण म्हणायचं! आमच्या लुइझियानात असलं काही दिलं तर पाहुणे उठून जातील.”

“माझ्या आजीच्या हातचा खा, मग बोला.”

“हे आमंत्रण समजू?”

“दम दिलाय असं समजा.”

“दम देताना तुमचे गाल लाल होतात, हे कुणी सांगितलंय का?”

तिनं तोंड खिडकीकडे वळवलं. काचेत त्याचंच प्रतिबिंब होतं — तिच्याकडे बघणारं.

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, हे तिला पक्कं आठवत होतं. सरावाच्या वेळी वाऱ्यानं तिची टोपी उडवली, आणि गावाचा कोच सगळं मैदान पालथं घालून टोपीमागे धावला. धापा टाकत त्यानं टोपी आणून दिली, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, “अरे, तुझ्या पोरांपेक्षा तूच बरा पळतोस!” जीभ चावली तिनं. पण तो असा खूश झाला, जणू सामनाच जिंकला.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी ते गावाबाहेरच्या तलावावर गेले. पाण्यावर रानटी बदकांचे थवे उतरले होते. वारा बोचरा होता. त्यानं आपलं जाकीट काढून तिच्या खांद्यावर टाकलं आणि स्वतः कुडकुडत बसला.

“नोव्हेंबरनंतर कुठं?” तिनं विचारलं.

“जिथं कुणी घेईल तिथं. आमच्या धंद्यात संसार गाडीच्या डिकीत मावायला लागतो.”

“आणि माणसं?”

“माणसं मावत नाहीत. म्हणून तर नाहीत.”

ती खडे उचलून पाण्यात टाकत राहिली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, “मी... काही फार जागा घेत नाही.”

तिला वाटलं, वाऱ्यानं ऐकूच गेलं नसेल — बरंच झालं. आणि मग त्याचा गारठलेला हात तिच्या गालावर आला. “शा,” तो हळूच म्हणाला. त्यांच्याकडे जिवाच्या माणसाला तसं म्हणतात, हे त्यानं तिला नंतर सांगितलं. आधी त्यानं तिची चुंबनं घेतली.

त्यानंतरच्या हरण्यालाही एक उजेड होता. कारण आता आशाही होती. कॉलेजच्या क्रीडाप्रमुखांनी लायलला बोलावून सांगितलं होतं — शेवटचा सामना कार्व्हरशी. कार्व्हर म्हणजे शेजारच्या तालुक्यातलं कॉलेज, पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. बाकी हंगाम गेला तो गेला; पण कार्व्हरला हरव, आणि खुर्ची तुझी, कायमची.

“कायमची!” तो तिला उचलून गरगर फिरवत म्हणाला. “कळतंय का तुला? घर! खरंखुरं घर. आजीला सांग, बीरॉकची सवय करून घेतो.”

कार्व्हरच्या आधीच्या सामन्यात मायका रीगरला मार बसला.

मायका म्हणजे त्यांचा क्वार्टरबॅक. चेंडू आधी त्याच्या हातात येणार, मग पुढचा खेळ. तो नसला तर संघ म्हणजे डोळ्याला पट्टी बांधलेली माणसं. दोघा धिप्पाड पोरांच्या मध्ये सापडून तो डोक्यावर आपटला. उठला, हसला, आणि निघाला... समोरच्या संघाच्या बाकाकडे. ऑड्रा धावली. त्याला दंडाला धरून आणलं, तेव्हा त्यानं विचारलं, “मिस, आपण कुठल्या गावात आहोत?” आणि मग तो तिच्या बुटांवर ओकला.

पुढचा सगळा आठवडा ती रोज त्याला तपासत होती. तो म्हणायचा, “ठणठणीत आहे, मिस.” पण खिडकीकडे तोंड करून बसवलं की डोळे बारीक करायचा. तिनं सांगितलेले शब्द उलट म्हणताना मध्येच हरवायचा. गुरुवारी तिनं लायलला खोलीत बोलावलं.

“नाही खेळू शकत तो.”

लायलनं मान हलवली, जणू त्याला ते आधीच ठाऊक होतं. मग विचारलं, “अगदीच नाही?”

“डोकं अजून दुखतंय त्याचं. लपवतोय. पुन्हा तसाच मार बसला तर... लायल, मेंदू आहे तो. गुडघा नाही, बर्फ लावून बसायला.”

“त्याच्याशिवाय आपण हरणार.”

“हो.”

“आणि मग मी जाणार.”

“तेही कळतं मला. तुला काय वाटतं, मी हे सहज बोलतेय? मला नकोयस का तू इथं?”

मग जवळ येऊन त्यानं तिच्या कपाळावर ओठ टेकवले. “ठीक आहे. तू म्हणशील ते. मी कुठंही गेलो तरी डिकीत जागा करीन.”

त्या संध्याकाळी गाडी चालवताना ऑड्रा रडत होती आणि गातही होती. तिला वाटलं, जगात असा एक माणूस आहे, जो स्वतःचं घर मोडून दुसऱ्याच्या पोराला जपतो. आणि तो माणूस माझा आहे. इतकं प्रेम तिनं त्याच्यावर आधी कधी केलं नव्हतं.

शुक्रवारी त्यानं तिला जेवायला बोलावलं. गंबो, म्हणजे त्याच्याकडचा कोळंबी घातलेला दाट, तिखट रस्सा, त्यानं सकाळपासून रटरटत ठेवला होता. तो त्या दिवशी फार बोलला. बायूमधल्या — तिकडच्या दलदलीच्या ओढ्यांमधल्या — होड्यांबद्दल, आईबद्दल, भावांबद्दल. तिला वाटलं, उद्याच्या हरण्याचं ओझं हलकं करतोय. जाताना तिनं त्याच्या छातीवर डोकं टेकवलं. छाती धडधडत होती.

शनिवारी दुपारी मैदानावर गच्च माणसं. ऑड्रा पट्ट्यांची पेटी घेऊन बाहेर आली, आणि तिला दिसलं — मायका रीगर. अंगावर पॅड, हातात हेल्मेट, चेंडू फेकून हात मोकळा करतोय.

“मायका! काय चाललंय हे?”

पोरानं मान खाली घातली. “मिस, डॉक्टर स्टाउफरनी सोडलं मला. काल दुपारी... कोचनी नेलं होतं.”

डॉक्टर स्टाउफर म्हणजे संघाचे डॉक्टर. हाडांचे जुने सर्जन, याच कॉलेजचे माजी खेळाडू; घराच्या फाटकालासुद्धा संघाचे रंग. त्यांचा शब्द ट्रेनरच्या शब्दाच्या वर. नियमात कुठं बोट ठेवायला जागा नव्हती.

काल दुपारी. आणि काल संध्याकाळी तो तिला वाढत होता.

ती लायलपाशी गेली. त्यानं कानावरचं यंत्र बाजूला केलं, पण डोळे मैदानावरून काढले नाहीत.

“डॉक्टरांनी तपासलंय त्याला, ऑड्रा.”

“किती वेळ?”

त्यानं हातातला डावपेचांचा कागद उलटला.

“तुला मला सांगता आलं नाही? एवढा गंबो वाढलास, त्यात एक वाक्य नाही वाढता आलं?”

“सांगितलं असतं तर तू जेवली नसतीस,” तो हळूच म्हणाला. “मला तो एक दिवस हवा होता गं.”

शिट्टी वाजली.

त्या दिवशी मायका रीगर असा खेळला, की लार्कबीतली माणसं अजून सांगतात. त्याच्या हातातून सुटलेला प्रत्येक चेंडू जणू वाट विचारत जाऊन नेमक्या माणसाकडे पोचत होता. शेवटच्या काही मिनिटांत लार्कबी पुढे होतं, आणि तेव्हा कार्व्हरचा एक पोरगा मागून येऊन त्याच्यावर कोसळला. मायका पडला. हलला नाही. सगळं मैदान चिडीचूप... ऑड्रा धावत सुटली.

ती पोचायच्या आतच तो उठून बसला. हसला. “लार्कबी, मिस. आपण लार्कबीत आहोत.”

ते जिंकले. हंगामातला एकुलता एक विजय. लोक कठडे ओलांडून आत घुसले, म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. खाणावळीतल्या त्याच म्हाताऱ्यांनी लायलला खांद्यावर घेतलं. क्रीडाप्रमुखांनी तिथंच, सगळ्यांसमोर, त्याचा हात हातात घेऊन वर केला. त्या गर्दीच्या डोक्यावरून तो मान वळवून-वळवून कुणालातरी शोधत होता.

मायकाला पुन्हा नीट तपासून, त्याच्या आईच्या हाती सोपवून ऑड्रा उपचाराच्या खोलीत आली. ती बँडेजं गुंडाळत होती, तेव्हा लायल दारात आला. अंगावर कुणीतरी ओतलेलं सरबत, केस चिकट, चेहरा... त्याच्या चेहऱ्यावर एकाच वेळी सगळं होतं.

“मिळाली खुर्ची,” तो म्हणाला. “कायमची.”

“ऐकलं. अभिनंदन.”

“ऑड्रा, असं नको ना. पोरगा बरा आहे. काही झालं नाही त्याला!”

“हो. काही झालं नाही.”

“मग? तुला काय, काही व्हायला हवं होतं?”

हे तो चिडून बोलला, आणि बोलल्याक्षणी त्याला पश्चात्तापही झाला असावा. पण ऑड्रा चिडली नाही. हातातलं बँडेज तिनं टेबलावर ठेवलं.

“हेच सांगणार होते तुला. तो पडला ना, तेव्हा मी धावत होते... आणि धावता धावता, एक क्षण — लायल, एक क्षण माझ्या मनात आलं, आता उठू नकोस. म्हणजे सगळ्यांना कळेल. म्हणजे तुला कळेल.” तिनं डोळे पुसले नाहीत. “एकोणीस वर्षांचं पोर ते. बुटांची नाडीसुद्धा माझ्याकडून बांधून घ्यायचं आठवडाभर. आणि मी त्याच्या वाईटावर एक क्षण टपले. मी अशी नव्हते रे.”

तो पुढे आला. तिनं हात आडवा केला.

“माझं प्रेम आहे तुझ्यावर,” तो म्हणाला. इतके दिवस ‘शा’ म्हणत होता, हे मात्र पहिल्यांदाच.

“माझंही आहे. गुरुवारी तर इतकं होतं, की गाडी नीट चालवता येत नव्हती मला.” ती थोडी हसली. “पण तुझ्याबरोबर जेवताना प्रत्येक वेळी मला वाटणार, आज हा काय वाढत नाहीये? नाही जमणार मला. विचिटा शहरातल्या एका इस्पितळानं बोलावलंय, त्यांना होकार कळवीन म्हणते. जानेवारीपासून.”

“इथं ठेवतील तुला. मी सांगतो त्यांना. आता माझं ऐकतील...”

“हो ना. आता तुझं सगळे ऐकतील.”

बाहेरून आरोळ्या येत होत्या. पोरं बाकांवर पाय आपटत होती — “कोच! कोच! कोच!” कुणीतरी कॉलेजचं गाणं सुरू केलं, सूर भलताच वर धरला, आणि सगळे हसत त्याच्यामागे गेले. लायलची मान नकळत त्या आवाजाकडे वळली. क्षणभरच. पण ते दोघांनाही दिसलं.

“जा,” ती म्हणाली. “बोलावतायत तुला.”

“मी परत येतो. थांबशील?”

तिनं टेबलावरचं बँडेज पुन्हा गुंडाळायला घेतलं. तो काही वेळ दारातच घुटमळला... मग त्याच्या बुटांचे खिळे फरशीवर वाजायला लागले. टक्‌, टक्‌. सावकाश.

त्यानं एकदा मागे वळून पाहिलं असतं, तर आपण थांबलो असतो, हे ऑड्राला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती आधीच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

त्यानं वळून पाहिलं की नाही, हे तिला कधीच कळलं नाही.